पाहुणी आणि छत्तीसचा पाट

मी एक जुनी पिशवी आहे. मित्रांनो, पिशवी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोथिंबिरीची जुडी आली असेल तर ती आधी बाजूला ठेवा. मला बंद नाहीत आणि माझ्यातून आजवर एकही कांदा पडलेला नाही. मी सिलिकॉनची आहे. सिलिकॉन म्हणजे रबराचा शिकलेला चुलतभाऊ. वाटीएवढी गोल, आरपार दिसणारी आणि आत घट्ट रस भरलेली अशी मी. बारा वर्षं मी पेणच्या चंद्रावतीच्या छातीत, डाव्या बाजूला राहत होते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पाठीवर एक नंबर उमटवला, पण नाव ठेवायचं राहून गेलं. मग खोक्यात बसून मी मुंबईला आले. १९८४ साल होतं. चंद्रावती तेव्हा तीस वर्षांची होती. तिच्या छातीत वाईट गाठ झाली होती. डॉक्टरांनी ती गाठ आणि तिच्यासोबत डावा स्तन काढला आणि रिकाम्या जागी मला ठेवलं. मित्रांनो, शब्द ऐकून शेजारच्याला कोपर मारू नका. शरीराच्या भागाला नाव असतं आणि नाव घेतल्याने कुणी आजारी पडत नाही. न घेतल्याने मात्र पडतं, ते पुढे येईलच.

मला नाव चंद्रावतीने ठेवलं. टाके सुकल्यावर तिने पदरावरून हलकेच हात ठेवला आणि म्हणाली, "आलीस काय गो पाहुणे? बस."

आत अंधार होता, पण ऐकू सगळं यायचं. डोळ्यांनी पाहायचं ते मी नंतर घरच्यांच्या तोंडून ऐकलं. माझा शेजारी हृदय. सुट्टी न घेणारा, रात्रंदिवस ठोकाठोक करणारा असा शेजारी देव कुणाला न देवो. पण सवय झाल्यावर मला त्याच्याशिवाय झोप येईना.

चंद्रावती गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी गणपती कुणीही रंगवतो, डोळ्यांना मात्र हात लागतो. तो हात पेणेत दोन-चार जणांचाच, आणि त्यांत चंद्रावती डावरी. देवाचे डोळे डाव्या हाताने काढलेले गिऱ्हाइकांना चालतील का, या भीतीने मालकाने तिला पहिली दोन वर्षं पडद्याआड बसवलं. मग रोह्याच्या एका बाई पडदा सारून आत आल्या, घटकाभर बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजव्या हाताने जेवणारे पुष्कळ पाहिले. पडदा काढा." त्या मालतीबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सांगितल्यावर पडदाच काय, भिंतही निघाली असती.

तिचा हात उचलला की मी ताणली जायची, खाली आला की सैल व्हायची. श्रावणात असे दिवसाला साठ-सत्तर डोळे व्हायचे. मला वाटायचं, अर्धं काम माझंच आहे. शेजाऱ्यालाही तसंच वाटायचं, पण तो बोलून दाखवायचा नाही.

दहा वर्षं अशी सुखात गेली. मग काहीतरी बिघडलं. माझ्याभोवती शरीराने एक पातळ पडदा विणला होता. पाहुणीला पांघरूण घालावं तसा. तो पडदा जाड झाला, आवळत गेला. मी दडपून चेंडूसारखी कडक लागू लागले. चंद्रावतीला हात खांद्यावर नेताना कळ यायची. आणि तिने काय केलं? कुणालाच सांगितलं नाही. नाव घ्यायचं कसं, आणि जुनीच गाठ परत आली असली तर? विचारलंच नाही म्हणजे आली नाही, असा तिचा हिशेब.

हात वर जाईना, तेव्हा तिने घरच खाली आणलं. आधी वरच्या फळीवरचा चहाचा डबा मधल्या फळीवर आला. मग साखर, मग पोहे. दिवाळीला मधली फळीही उंच वाटू लागली, तेव्हा सगळे डबे ओट्यावर आले आणि शिमग्याला ओट्याखाली. तिचा नवरा गुणाजी त्याच कारखान्यात साचे करायचा. मोठा हुशार माणूस, पण घरात त्याचं लक्ष फक्त चहा आला की नाही एवढ्यावर. चहा येत होता. एका सकाळी तो पूजेला उभा राहिला तर समोर नुसती भिंत. देव्हारा त्याच्या गुडघ्याशी होता.

"चंद्रे, देव खाली का बसलंय?"

"दमलं असतील."

गुणाजी खाली वाकला. देवांकडे पाहिलं, ओट्याखालच्या डब्यांकडे पाहिलं, मग बायकोच्या डाव्या हाताकडे. "हात वर कर."

"कशाला?"

"कर तर."

हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. माझा शेजारी इतक्या जोरात ठोकू लागला की मी दचकले. गुणाजीने तिचा हात हळूच खाली घेतला. मग म्हणाला, "आणि मी येडा, डबं शोधाया वाकतोय वर्षभर."

दर बुधवारी आणि गुरुवारी मुंबईहून पनवेलच्या एका छोट्या दवाखान्यात टिपणीस नावाच्या डॉक्टरबाई यायच्या. त्यांनी तपासलं, फोटो काढले, समजावून सांगितलं. "फोटोत गाठ दिसत नाही. पिशवीभोवतीचं आवरण घट्ट झालंय. पिशवी आणि आवरण दोन्ही काढू. आवरण तपासायला पाठवू, म्हणजे मनात शंका नको. दंड मोकळा होईल, व्यायाम केला तर."

गुणाजीने गंभीरपणे विचारलं, "बाई, आत घालताना साबण लावला नव्हता काय?"

"कसला साबण?"

"साच्याला आम्ही साबणाचं पाणी लावतो. नायतर माल साच्याला धरून बसतो. मग सुटत नाय, फोडावा लागतो."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "वीस वर्षं मी हे लोकांना समजावतेय," त्या म्हणाल्या, "इतकं सोपं कुणी केलं नव्हतं. साबण नाही लावता येत, पण झालंय तेच."

नवी पिशवी बसवायची का, असंही त्यांनी विचारलं. चंद्रावती म्हणाली, "नको बाई. एक पाहुणी पुष्कळ झाली." मला वाईट वाटलं नाही असं नाही.

आता प्रश्न पैशांचा. ऑपरेशन, भूल, खोली, तपासणी मिळून चौदा हजार. घरात साडेतीन. गुणाजी म्हणाला, रंगाचा फवारा मारायचं मशीन विकतो. चंद्रावती म्हणाली, मशीन विकलंस तर पुढल्या वर्षी तोंडाने फवारा मारशील काय? गुणाजीने तोंडाने एक फुंकर मारून पाहिली, हे मला आवाजावरून कळलं.

तोडगा काढला चंद्रावतीच्या बहिणीने. मैना तिचं नाव. रोह्यात ती ब्लाऊज शिवते, त्यामुळे निम्म्या रोह्याची मापं आणि सगळ्या रोह्याच्या बातम्या तिच्याकडे असतात. आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. पाटामागे खडूने नाव, सोबत थोडी आगाऊ रक्कम. त्याच पाटावर मूर्ती बसते आणि त्याच पाटावरून घरी जाते. पाट दिला म्हणजे शब्द दिला.

मैना मालतीबाईंच्या ब्लाऊजला काजं करता करता म्हणाली, "आमच्या चंद्रीचं ऑपरेशन हाय. हात उचलत नाय तिचा."

मालतीबाई तेव्हा ऐंशीच्या. त्या घरी गेल्या, पाट काढला आणि सरळ एसटीने पेणेला आल्या. पाट चंद्रावतीच्या पुढ्यात ठेवला, त्यावर पाकीट ठेवलं.

"पाच वर्षांचे आहेत."

"बाई, पाच वर्षांचे कशाला? माझं काय होईल ते..."

"म्हणूनच. पाच वर्षं माझ्या गणपतीचे डोळे तूच काढायचेस. आता तुला मरायची सवड नाही." आणि उठता उठता, "चहा ठेव. साखर ओट्याखाली आहे म्हणे."

शेजाऱ्याने एक ठोका चुकवला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मग रोह्याहून पाटांची रीघ लागली. कुणी दोन वर्षांचे, कुणी तीन, एका जोडप्याने भांडून अडीच. एके दिवशी मैना एसटीने अडतीस पाट घेऊन निघाली. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट लागेल."

मैना म्हणाली, "पाट म्हणजे बसायचं आसन. आसनाला कुठं तिकीट असतं? तुमच्या सीटांचं काढता काय?"

कंडक्टर नागोठण्यापर्यंत विचार करत होता. तिथे त्याने स्वतःच्या घरच्या गणपतीचे पैसे दिले आणि पाट नंतर आणतो म्हणाला. चंद्रावतीच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, पण बसायला भरपूर झाली. चौदा हजार झाले.

मग तयारी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नखं स्वच्छ हवीत, भुलीत असताना नखांचा रंग बघावा लागतो. चंद्रावतीच्या नखांत वीस वर्षांचा सोनेरी रंग. गुणाजी चार संध्याकाळी तिच्यासमोर बसला. एकेक बोट हातात घेऊन, चिंधीला टर्पेंटाईन लावून, आखणीचा बारीक ब्रश धुवावा तसं एकेक नख धुतलं. शेवटच्या करंगळीला चंद्रावती म्हणाली, "जुनाच आजार निघाला तर?"

"तर मालतीबाईंना काय सांगायचं ते तू सांग. माझ्यात हिंमत नाय."

निघायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. आमच्याकडचा फोन म्हणजे पिठाच्या गिरणीला लागून असलेला एसटीडी बूथ. गिरणी चालू होती. पलीकडून नर्स म्हणाली, "येताना छातीचा पट्टा आणा. छत्तीसचा." गिरणीने आपल्याला हवं तेवढं दळून घेतलं आणि उरलेलं गुणाजीला दिलं.

तो घरी आला तो मोठ्या आनंदात. "डॉक्टरबाईंनी पाट आणाया सांगितलाय!"

"गणपती सांगतात?"

"तर! छत्तीसचा. तीन फुटी पाट म्हणजे मूर्ती पाच फुटाची. दवाखान्यात बसवत असतील."

कुणालाही शंका आली नाही. त्या महिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस पाटच देत होता. गुणाजीने सागवानी फळी आणली, रंधा मारला, खाली जाड पाय ठोकले आणि मागे खडूने लिहिलं, 'टिपणीसबाई, पनवेल.'

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी मैना रोह्याहून रेल्वेगाडीत बसून आली, पेणेला आम्ही चढलो. आम्ही म्हणजे चंद्रावती, गुणाजी, पाट आणि मी. हमरापूरला चढलेले लोकही मूर्तींच्याच धंद्यातले. त्यांनी पाटावर टिचकी मारली, सागवान ओळखलं, मार्गशीर्षात गणपती कुठला म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चौघांनी त्यावर पत्ते मांडले. पनवेलला उतरताना त्यांचा डाव राहिला होता. ते पाटाला सोडेनात. शेवटी एकाने पाट स्टेशनबाहेर आणून दिला, पाचही पत्ते हातात धरून.

दवाखान्यात चंद्रावतीचा रक्तदाब मोजला. मला मोजायची गरज नव्हती, माझा शेजारी धान्य कांडल्यासारखा ठोकत होता. नर्स म्हणाली, "एकशे ऐंशी." थोड्या वेळाने पुन्हा मोजला. तेवढाच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतक्या दाबात भूल देता येणार नाही. संध्याकाळी बघू. नाही उतरला तर पुढे ढकलू." पुढे म्हणजे महिनाभर. महिनाभर पुन्हा तीच भीती. चंद्रावती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. "पट्टा आणलाय ना?"

"आणलाय की," म्हणून गुणाजीने कॉटखालून तीन फुटी पाट ओढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

डॉक्टरबाईंनी पाटाकडे पाहिलं. नर्सने पाटाकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"छत्तीसचा."

"अहो, छातीला बांधायचा पट्टा सांगितला होता!"

गुणाजीने पाटाकडे पाहिलं, मग बायकोच्या छातीकडे, मग परत पाटाकडे. आणि अगदी मनापासून म्हणाला, "बांधला असता. पण पाय ठोकलेत."

चंद्रावती हसली. आधी नाकातून, मग घशातून, मग आख्खी. मैना हसली, नर्स हसली, डॉक्टरबाई खुर्चीवर बसल्या. चंद्रावतीला हसताना दुखत होतं, "आई गो, आई गो" म्हणत ती हसत होती, डोळ्यांतून पाणी काढत होती. त्या वर्षभरात मी तिला एवढं हसताना ऐकलं नव्हतं. ते ओसरल्यावर माझा शेजारी एखाद्या म्हाताऱ्यासारखा निवांत चालू लागला. नर्सने पट्टी गुंडाळून रक्तदाब मोजला. एकशे तीस.

"उद्या सकाळी पहिली केस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि खऱ्या पट्ट्याचं काय?"

मैनाने पिशवीतून कात्री काढली. तिच्याकडे परकरासाठी घेतलेलं मांजरपाट होतं. तिथेच कॉटवर बसून तिने दुहेरी पट्टा बेतला, टीप घातली, नाड्या लावल्या. "पाट नाय तर मांजरपाट," ती म्हणाली. त्याच कापडातून तिने हाताएवढी एक उशी शिवली आणि तीत वरीचे दाणे भरले. "ही नंतर ब्लाऊजात ठेवायची गो. पाहुणीच्या जागी. दुखलं तर काढ, भूक लागली तर शिजव."

गुरुवारी सकाळी मी माझ्या शेजाऱ्याचा निरोप घेतला. त्याने नेहमीप्रमाणे काम थांबवलं नाही. मग उजेड आला. बारा वर्षं मी डोळ्यांविषयी नुसतं ऐकलं होतं. पहिल्यांदा पाहिले ते डॉक्टरबाईंचे, मास्कच्या वर, माझ्याकडे बघणारे. त्यांनी माझ्याभोवतीचं आवरण सोडवलं आणि मला दाबून पाहिलं. मी मऊच होते, मित्रांनो. पहिल्या दिवशी होते तशीच. कडक झालं होतं ते भोवतीचं. हे पाहायला चंद्रावती जागी हवी होती.

ती जागी झाल्यावर तिला दाखवायला मला वाटीत घालून आणलं. गुणाजीने टोपी काढली. "बाई, हिचं काय करायचं? विसर्जन?"

"नदीत टाकू नका. ही विरघळत नाही."

"म्हणजे प्लास्टरच," गुणाजी समजुतीने म्हणाला.

चंद्रावतीचा आवाज भुलीने जड झाला होता. "बारा वर्सं सोबत केलीन तिनं. घरी न्यायची."

पाटाचं काय, ते डॉक्टरबाईंनीच ठरवलं. मागचं आपलं नाव वाचून त्या म्हणाल्या, "आता नाव घातलंच आहे तर बसवू गणपती दवाखान्यात. पण एक अट. डोळे यांनीच काढायचे."

अकराव्या दिवशी तपासणीचा कागद आला. आवरणात काही वाईट नव्हतं. गुणाजीने तो कागद तीनदा वाचून घेतला. मग तो गेला आणि चहाचा डबा उचलून ओट्यावर ठेवला. एकच डबा. "बाकीचं तू चढव," म्हणाला.

त्यासाठी व्यायाम होता. भिंतीला बोटं लावायची आणि मुंगीसारखी वर चढवायची. गुणाजीने तो तीन फुटी पाट टेबलावर उभा केला. चंद्रावतीची बोटं रोज त्यावर चढायची, थांबतील तिथे खडूची रेघ. सुरुवातीला रेघा इतक्या जवळ की गाडीच्या आरक्षणाची यादी वाटावी. संक्रांतीला साखर वर गेली. शिमग्याला पोहे. अक्षय्य तृतीयेला दोघांनी मिळून देव वर नेले.

मला चंद्रावतीने उकळलेल्या पाण्यात धुतलं, खणाचा अभ्रा शिवला आणि आखणीच्या चौरंगावर ठेवलं. आता ती माझ्यावर कोपर टेकून डोळे काढते. मालतीबाईंचा गणपती त्या वर्षी पहिला झाला.

शेवटी उरला दवाखान्याचा, पाच फुटी. पाटावर उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे चंद्रावतीच्या कपाळाच्या उंचीला होते. चौरंग उपयोगाचा नव्हता. तिने डावा हात उचलला. खांदा, कान, कपाळ. हात गेला, पण टेकायला काही नसल्याने अधांतरी स्थिर राहीना. गुणाजीने मला उचललं, तळहातावर घेतलं आणि तिच्या कोपराखाली धरलं.

"हलू नको," ती म्हणाली.

"मी नाय हलत. पाहुणी हलते."

मी हलत नव्हते. पाऊण तास तो तसाच उभा होता, हात भरून आला तरी. पहिला डोळा झाला. मग दुसरा. चंद्रावती दोन पावलं मागे आली आणि देवाने तिच्याकडे पाहिलं.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. खणाचा अभ्रा विरला आहे, कोपर टेकून टेकून माझ्यावर खळगा पडला आहे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरात कुणाचे डबे खाली उतरू लागले तर लक्ष ठेवा. आई, मावशी, आजी हात वर करत नसली तर विचारा, आणि नाव घेऊन विचारा. तुमचं काही दुखत असेल तर तुम्हीही सांगा. लपवलेलं सगळं कडक होत जातं. आतली वस्तू मऊच असते हो, पण ते कळायला आधी कुणीतरी दाबून पाहावं लागतं.

यंदा तिसरं वर्ष. मालतीबाई त्र्याऐंशीच्या आहेत. परवा आल्या, पाट ठेवला, पाकीट ठेवलं.

चंद्रावती म्हणाली, "बाई, अजून दोन वर्सांचं तुमचं जमा हाय की!"

"ते तुझ्यासाठी होते," मालतीबाई म्हणाल्या. "हे त्यापुढच्या पाच वर्षांचे. माझ्यासाठी. घेऊन ठेव, म्हणजे मलाही सवड राहणार नाही."

चंद्रावतीने वरच्या फळीवरून साखर काढली.